मॅकिंटॉश प्लस म्हणजे नक्की कोण?

अबोली_नाशिक:
भाचा सुट्टीला आलाय. दोन दिवस त्याच्या लॅपटॉपवर एकच गाणं. बाईचा आवाज, पण घोगरा, जड झालेला, आणि मध्येच अडकून तेच तेच पुन्हा. चित्रात गुलाबी रंग, संगमरवरी पुतळ्याचं डोकं, जपानी अक्षरं. कलाकार ‘मॅकिंटॉश प्लस’. हे तर १९८६ साली आलेल्या कॉम्प्युटरचं नाव! जपानी बँड आहे का? आणि दुसऱ्याचं गाणं हळू लावलं की ते आपलं होतं का? मला खरंच समजून घ्यायचंय.

टेपदुरुस्ती_सांगली:
ताई, जपानीही नाही आणि बँडही नाही. अमेरिकेतली रमोना झेव्हियर, एकटी. ‘व्हेक्ट्रॉइड’ हे तिचं नेहमीचं नाव, आणि ‘लेझरडिस्क व्हिजन्स’सुद्धा तीच. भाच्याचं गाणं बहुधा ‘फ्लोरल शॉप’ या अल्बममधलं, डिसेंबर २०११ चं. आवाज अमेरिकन गायिका डायना रॉसचा, १९८४ च्या रेकॉर्डवरचा, हळू केलेला.

मी बावीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. आतला रबरी बेल्ट सैल झाला किंवा सेल उतरले की टेप मंदावते, मग लय आणि पट्टी दोन्ही एकदमच खाली येतात. गिऱ्हाईक म्हणायचं, “गाणं रडतंय हो.” हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. पण दुसऱ्यांदा ऐकताना कळलं, तुकडा कुठे तोडायचा हे तिनं फार विचारानं ठरवलंय. ओळ पुरी होऊ देत नाही, आपण अर्ध्या श्वासावर थांबून राहतो.

नाव खोटं म्हणून मला फसवल्यासारखं वाटत नाही. स्वतःचं नाव घातलं असतं तर आपण बाईचं मन शोधत बसलो असतो. कॉम्प्युटरचं नाव आहे म्हणून बंद पडलेल्या दुकानात कुणीतरी यंत्र चालूच ठेवून गेलंय असं वाटतं. आधी २०१० मध्ये डॅनियल लोपॅटिन या अमेरिकन संगीतकारानं ‘चक पर्सन’ नावानं असंच केलं होतं, शंभरच कॅसेट काढल्या होत्या.

गंधार_पुणे:
काका, नावाचं पटलं. पण मूळ गायिका, गीतकार, वादक यांची नावं ठळक द्यायला हवीत. ऐकणाऱ्या कित्येक पोरांना डायना रॉस माहीतच नाही.

टेपदुरुस्ती_सांगली:
बरोबर आहे तुमचं. कॅसेटच्या आतल्या कागदावर आम्ही तबलजीचंसुद्धा नाव वाचायचो.

अबोली_नाशिक:
भाच्याला मूळ गाणं लावून दिलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. आता माळ्यावरचा बाबांचा कॅसेट डेक काढून हवाय त्याला. चालेल का?

टेपदुरुस्ती_सांगली:
लगेच प्लग लावू नका. झाकण उघडून बेल्ट बघा, इतक्या वर्षांत तो वितळून डांबरासारखा झाला असेल. पुलीवरचा चिकटा स्पिरिटच्या बोळ्यानं पूर्ण निघाला पाहिजे. हात काळे होतील, जुनं फडकं घ्या. आणि जुन्या बेल्टची लांबी मोजून कळवा, मापाचा बेल्ट मी सांगतो.