साठ ट्रकांना ईपोल कशाला?

महापेकर: तुर्भ्याच्या बाजारातून सुटणाऱ्या 60 ट्रकांच्या जीपीएस यंत्रांसाठी टीसीपी सर्व्हर लिहिलाय, पायथनमध्ये. बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट: पोर्ट धरा, कान लावा, जोडणी घ्या. जोडणी आली की तिला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामात स्वतंत्र चालणारी एक वाट. ऑफिसातला नवा पोरगा नाक मुरडतो, म्हणे ईपोल लावा, म्हणजे लिनक्सची ती सोय, जिच्यात एकच थ्रेड सगळ्या जोडण्यांवर नजर ठेवतो. माझ्या मते एवढ्याशा कामाला थ्रेडच बरे. वरून खाली वाचत गेलं की कळतं.

घणसोलीचा बग: साफ चूक. लिनक्सवर थ्रेडमागे 8 एमबी स्टॅक, म्हणजे त्याच्या कामाची मेमरी. उद्या 500 गाड्या झाल्या की 4 जीबी. प्रोग्रामर डॅन केगेलने एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार क्लायंटांचा प्रश्न 1999 मध्येच मांडलाय.

महापेकर: त्याचे दहा हजार, माझे साठ. चौघांच्या आमटीला पंगतीचं पातेलं कशाला? आणि ते 8 एमबी नुसते राखीव पत्ते. वापराल तेवढीच मेमरी जाते.

वागळेवाली: अहो, मूळ दुखणं वेगळंच आहे. आमचा सर्व्हर असाच होता, 40 गाड्या. गाडी शीतगृहात शिरली की नेटवर्क गुल. बाहेर आल्यावर यंत्र नवी जोडणी करायचं, जुनीचा थ्रेड मात्र रिसीव्हवर, निरोपाची वाट बघत, बसलेलाच. समोरून बंद झाल्याचा निरोपच येत नाही ना! 18व्या दिवशी 1024 डिस्क्रिप्टर (उघड्या जोडण्यांचे क्रमांक) संपले आणि ॲक्सेप्ट ओरडायला लागला, 'टू मेनी ओपन फाइल्स'. पहाटे चारला, अर्थात.

घणसोलीचा बग: म्हणूनच म्हणतो, ईपोल!

वागळेवाली: त्यातही मेलेलं सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) पडूनच राहतं. कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ही चौकशी) चालू केलात तरी लिनक्स पहिली चौकशी 7200 सेकंदांनी करतं. टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत निरोप नाही तर जोडणी तोडायची, हा आपणच लावायचा.

घणसोलीचा बग: बरं, हे मान्य. पण क्लायंटांची डिक्शनरी, म्हणजे सगळे थ्रेड वापरतात ती यादी? एक थ्रेड तिच्यावरून फिरतोय आणि दुसऱ्याने मधूनच एक नोंद उडवली, की रनटाइम एरर. ईपोलच्या एका थ्रेडच्या लूपमध्ये कुलपांची (एका वेळी एकाच थ्रेडने यादीला हात लावायचा) ही कटकट जवळजवळ नाहीच.

महापेकर: आणि त्याच लूपमध्ये डेटाबेसची एक क्वेरी रेंगाळली की साठही गाड्या ताटकळणार. त्यापेक्षा एक कुलूप परवडलं.

महापेकर: (दुसऱ्या दिवशी) वागळेवाली ताई, 180 सेकंदांचा टाइमआउट टाकला. रात्रीत 11 थ्रेड सुटले. यंत्रं दर मिनिटाला निरोप पाठवतात, त्यामुळे चालती गाडी एकही तुटली नाही. ईपोल नाहीच लावला.

घणसोलीचा बग: 500 गाड्या होऊ द्या, मग बोलू.