जेंटूवर डॉकर: कंपाइल झालं, पण सर्व्हिस उभी राहत नाही

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. डिचोलीतल्या एका वाचनालयाच्या मशीनवर जेंटू (पॅकेजेस सोर्समधून कंपाइल करून बसवणारं लिनक्स) आहे, ओपनआरसीवर (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था). रॅम ८ जीबी, कर्नल (सिस्टीमचा गाभा) जेंटू-सोर्सेसमधून हाताने कॉन्फिगर केलेला. पुस्तकांच्या नोंदींसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस कंटेनरमध्ये (प्रोग्रामला बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्यात) चालवायचा आहे. त्यासाठी कंटेनर चालवणारं ॲप-कंटेनर्स/डॉकर विनातक्रार इमर्ज (इन्स्टॉल) झालं, पण सर्व्हिस सुरू केली की लगेच पडते. लॉगमध्ये शेवटी ‘फेल्ड टू क्रिएट नॅट चेन डॉकर’ आणि त्याच्या पुढे ‘टेबल डझ नॉट एक्झिस्ट’ असं येतं (नॅट म्हणजे नेटवर्कचे पत्ते बदलून देण्याची सोय). शिवाय टर्मिनलवर डॉकर ही कमांडच सापडत नाही. आणखी एक: पावसात इथं वीज कधीही जाते. कंपाइल अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं तर सिस्टीम बिघडते का?

कुळागर:
कमांड सापडत नाही त्याचं कारण साधं आहे. जेंटूवर डीमन (मागे सतत चालणारी सर्व्हिस) आणि कमांड ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, त्यामुळे ॲप-कंटेनर्स/डॉकर-सीएलआय वेगळं टाका. कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवण्याचं साधन) हवं असेल तर डॉकर-कंपोजही.

खरी अडचण कर्नलमध्ये आहे. डॉकरचं ईबिल्ड (पॅकेज बांधण्याची स्क्रिप्ट) कर्नलचं कॉन्फिगरेशन तपासतं, पण काही कमी असलं तर फक्त इशारा देतं, इमर्ज थांबवत नाही. म्हणून सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. ते इशारे स्क्रीनवरून निघून गेले असतील तर /व्हार/लॉग/पोर्टेज/इलॉग/समरी.लॉग उघडून बघा.

आधी यूनेम -आर चालवा आणि आलेला चालू कर्नलचा आकडा /लिब/मॉड्यूल्समधल्या फोल्डरशी जुळतो का ते पाहा. कर्नल बदलून रीबूट केलं नसेल आणि जुने मॉड्यूल्स (कर्नलचे गरजेप्रमाणे लोड होणारे भाग) उडवले असतील, तर नॅटचा मॉड्यूल लोड होणारच नाही आणि हाच एरर येईल. तसं असेल तर रीबूट पुरे.

आकडा जुळत असेल तर /यूएसआर/शेअर/डॉकर/कॉन्ट्रिबमधली चेक-कॉन्फिग.एसएच ही स्क्रिप्ट चालवा. ‘जनरली नेसेसरी’ या भागात एकही ‘मिसिंग’ राहता कामा नये. ‘ऑप्शनल’मधलं सगळं लाल दिसतं म्हणून चालू करत सुटू नका.

मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत) बहुतेक वेळा हे राहून जातं:

नेटवर्किंग ऑप्शन्समधल्या नेटफिल्टरमध्ये आधी ‘ॲडव्हान्स्ड नेटफिल्टर कॉन्फिगरेशन’ चालू करा. ते बंद असेल तर ब्रिज नेटफिल्टरचा पर्याय मेन्यूत दिसतच नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. मग नॅट, मास्करेड, ॲड्रटाइप आणि कॉनट्रॅक मॅच घ्या. ८०२.१डी ब्रिज त्याच नेटवर्किंग ऑप्शन्समध्ये आहे.

व्हीथ मात्र तिथं नाही. तो डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये, नेटवर्क डिव्हाइस सपोर्टखाली ‘व्हर्च्युअल इथरनेट पेअर डिव्हाइस’ या नावाने आहे. तो नसेल तर डीमन सुरू होतो, पण पहिलाच कंटेनर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ म्हणत पडतो.

फाइल सिस्टीम्समध्ये ओव्हरले (कंटेनरचे लेयर एकमेकांवर रचणारी फाइल सिस्टीम) घ्या. तो नसला तर डॉकर व्हीएफएसवर घसरू शकतं. व्हीएफएस प्रत्येक लेयरची पूर्ण प्रत करतं, त्यामुळे डिस्क बघता बघता भरते. सुरू झाल्यावर ‘डॉकर इन्फो’मध्ये स्टोरेज ड्रायव्हर ओव्हरले२ किंवा ओव्हरलेएफएस आहे ना, याची खात्री करा.

‘ईसिलेक्ट आयपीटेबल्स लिस्ट’ही बघा. आयपीटेबल्स हे फायरवॉलचे नियम घालणारं साधन, त्याचे लेगसी आणि एनएफटी असे दोन प्रकार आहेत. लेगसी निवडलेलं असेल तर कर्नलमध्ये लेगसी आयपीटेबल्सचा नॅट टेबल हवा. एनएफटी निवडलेलं असेल तर एनएफ-टेबल्स, एनएफटी-नॅट आणि एनएफटी-कॉम्पॅट हवेत. निवड एकाची आणि कर्नलमध्ये दुसरंच, असं झालं तरी एरर नॅटच्या नावानेच येतो.

सत्तरीकर:
कुळागर यांचं सगळं बरोबर आहे, पण वाचनालयाच्या मशीनवर हाताने कर्नल सांभाळायचा कशाला? सिस-कर्नल/जेंटू-कर्नल-बिन (तयार कंपाइल केलेला कर्नल) घ्या. हे सगळे पर्याय त्यात मॉड्यूल म्हणून आधीच असतात. स्वतःचा एखादा पर्याय हवाच असेल तर सोर्सवालं जेंटू-कर्नल घ्या आणि /ईटीसी/कर्नल/कॉन्फिग.डीमध्ये .कॉन्फिग शेवट असलेली फाइल ठेवा. दर अपडेटला ती आपोआप लागू होते.

विजेबद्दल: घाबरू नका. पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) आधी /व्हार/टीएमपी/पोर्टेजमध्ये कंपाइल करतं, तिथंच एका वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करतं आणि शेवटी फाइल्स मूळ सिस्टीममध्ये नेतं. कंपाइल होताना वीज गेली तर मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही. वीज आल्यावर ‘इमर्ज --रिझ्यूम’ द्या. अर्ध्यावर राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आधीची पूर्ण झालेली तशीच राहतील. धोका आहे तो शेवटच्या फाइल नेण्याच्या टप्प्यात. तो थोडाच वेळ चालतो, पण तेवढ्यासाठी तरी यूपीएस असावा.

नेट चालू असेल तेव्हाच ‘इमर्ज --फेचओन्ली’ करून सगळे सोर्स उतरवून ठेवा. मेककॉन्फमध्ये मेकऑप्ट्स (एका वेळी किती कंपाइल जॉब चालवायचे) -जे४ च्या वर नेऊ नका, दर जॉबला २ जीबी रॅम धरायची. २०२३ च्या डिसेंबरपासून जेंटूची अधिकृत बायनरी पॅकेजेसही मिळतात. ‘--गेटबिनपीकेजी’ दिलं की जे तयार असेल ते उतरतं, उरलेलं मशीनवरच कंपाइल होतं. पावसाळ्यात याने मोठी सोय होते.

डिचोलीकर:
आभारी आहे. ॲडव्हान्स्ड पर्यायच बंद होता. आता डीमन चालतो आणि ‘हॅलो-वर्ल्ड’ही चाललं. पण पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू केला की थोड्या वेळाने मशीनचंच इंटरनेट जातं. ‘आयपी रूट’मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतात.

कुळागर:
डीएचसीपीसीडी (नेटवर्कचा पत्ता मागून घेणारी सर्व्हिस) वापरताय ना? कंटेनर सुरू झाला की मशीनवर व्हीथ नावाचा नवा इंटरफेस येतो. डीएचसीपीसीडी त्यालाही खरं नेटवर्क कार्ड समजून पत्ता मागतं, उत्तर मिळालं नाही की १६९.२५४ चा पत्ता लावतं आणि रूट बिघडवतं. ‘हॅलो-वर्ल्ड’ क्षणात संपतं, म्हणून तेव्हा कळलं नाही. /ईटीसी/डीएचसीपीसीडी.कॉन्फमध्ये ही ओळ टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा:

डिनायइंटरफेसेस व्हीथ*

मांडवीकाठ:
एकाच मशीनवर एकच डेटाबेस चालवायचा तर पॉडमनही (डॉकरसारखंच दुसरं साधन) बघा. रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) अधिकारांशिवाय चालतं. डॉकर ग्रुपमध्ये घातलेला वापरकर्ता मात्र व्यवहारात रूटच असतो. पॉडमनसाठी कर्नलमध्ये यूजर नेमस्पेस आणि /ईटीसी/सबयूआयडी, /ईटीसी/सबजीआयडी या दोन्ही फाइल्समध्ये त्या वापरकर्त्याची नोंद लागते. त्याच्या सोबतीची नेटावार्क आणि आर्डवार्क-डीएनएस रस्टमध्ये लिहिलेली आहेत, तेव्हा आधी डेव्ह-लँग/रस्ट-बिन टाका. नाहीतर रस्टचा कंपायलर कंपाइल होण्यातच दिवस जाईल.

सत्तरीकर:
पॉडमन चांगलंच आहे, पण त्याला कायम चालणारा डीमन नाही. वीज येऊन मशीन सुरू झालं की कंटेनर उभा करण्याची सोय ओपनआरसीवर वेगळी करावी लागते. इथं डॉकरच ठेवा: ‘आरसी-अपडेट ॲड डॉकर डीफॉल्ट’, आणि कंटेनरला ‘--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड’.

पोर्ट उघडताना नुसतं ५४३२:५४३२ लिहू नका. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स नियम घालतं, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट बंद केलेला असला तरी तो बाहेरून उघडाच राहतो. १२७.०.०.१:५४३२:५४३२ असं लिहा. डेटासाठी नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनर काढला तरी टिकणारी साठवण) घ्या. पोस्टग्रेस १८ पासून तो /व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएलवर जोडायचा, १७ पर्यंत त्याच्या आतल्या डेटा फोल्डरवर. आणि डीमन.जेसनमध्ये लॉगसाठी मॅक्स-साइज १०एम, मॅक्स-फाइल ३ घाला. मूळ सेटिंगमध्ये कंटेनरच्या लॉगला मर्यादाच नसते. ही मर्यादा नव्या कंटेनरनाच लागू होते, म्हणून आताचा पोस्टग्रेसचा कंटेनर काढून पुन्हा तयार करा. डेटा व्हॉल्यूममध्ये असेल तरच, नाहीतर आधी पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) घ्या.