मदत हवी आहे: म्युझिक सिस्टिमचा डावा स्पीकर कमी आवाजात मुका होतो

नमस्कार. घरातल्या छोट्या म्युझिक सिस्टिमच्या एका चमत्कारिक बिघाडाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. मध्ये मुख्य यंत्र आणि दोन बाजूंना दोन सुटे स्पीकर, अशी तिची नेहमीची रचना आहे. सीडी, एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ या चारही सोयी आहेत, पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक आहे आणि मागे स्पीकरच्या जोडणीपाशी ६ ओहम असे छापलेले आहे. वॉरंटी कधीच संपली आहे, तरीही यंत्र मोडीत काढण्याची इच्छा नाही, कारण बाकी सर्व काही व्यवस्थित चालते.

बिघाड असा की, यंत्र सुरू करून आवाज बेताचा ठेवला, तर डावा स्पीकर एक तर पूर्ण गप्प असतो किंवा त्यातून अगदी क्षीण, फाटका आवाज येतो. व्हॉल्यूम बराच वाढवला की एकदम खर्रकन आवाज होऊन डावी बाजू जिवंत होते आणि त्यानंतर व्हॉल्यूम पुन्हा कमी केला तरी ती बहुधा टिकून राहते. मात्र यंत्र रात्री बंद करून सकाळी सुरू केले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी काय काय तपासले तेही सांगतो. यंत्र बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी यंत्राच्या बाजूने अदलाबदल करून लावल्या, तेव्हा पूर्वीचा चांगला स्पीकर गप्प झाला आणि गप्प असलेला बोलू लागला. म्हणजे स्पीकर आणि त्यांच्या वायरी दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष यंत्राच्या डाव्या जोडणीच्या आत आहे. सीडी, एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ या चारही ठिकाणी लक्षण तंतोतंत तेच आहे, त्यामुळे दोष कोणत्याही एका स्रोतात नसून सर्वांच्या सामाईक मार्गावर असावा. हेडफोन लावल्यावर दोन्ही कानांत सारखा, स्वच्छ आवाज येतो. बॅलन्स मध्यावर आहे. यंत्र तापण्याशी याचा संबंध दिसत नाही. उलट थंड असतानाच त्रास अधिक होतो.

माझ्या मते ॲम्प्लिफायरची आयसी (आवाज मोठा करणारी चिप) गेलेली नसावी, कारण गेलेली आयसी व्हॉल्यूम वाढवल्याने बरी होणार नाही. तरी दुरुस्तीसाठी विचारले असता पाहण्यापूर्वीच "आयसी बदलावी लागेल" असे उत्तर मिळाले, म्हणून येथे विचारत आहे. हा दोष नेमका कोठे असू शकेल, आणि सोल्डरिंग जेमतेम येणाऱ्या माणसाला तो घरी दुरुस्त करता येईल का?

प्रतिसाद १

आपण तपासणी नेटकी केली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. हे लक्षण ॲम्प्लिफायरचे नाही, काळवंडलेल्या संपर्कबिंदूंचे आहे. रिलेच्या (विजेने उघडमिट होणाऱ्या स्विचच्या) किंवा जॅकच्या आतल्या धातूच्या टोकांवर कालांतराने ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा पातळ थर चढतो आणि तो थोड्या व्होल्टेजला दाद देत नाही. आकडे पाहिले की हे पटते: ६ ओहमच्या स्पीकरला ५० मिलिवॉट मिळत असतील, आणि हळू आवाजात ऐकताना याहून जास्त क्वचितच लागते, तर त्याच्या टोकांवर साधारण अर्धा व्होल्ट असतो, १० वॉटला तोच आकडा पावणेआठ व्होल्टच्या आसपास जातो. आवाज वाढवला की हे वाढलेले व्होल्टेज तो थर फोडते, संपर्क जुळतो आणि मग कमी आवाजातही काही काळ जुळलेला राहतो. यंत्र बंद झाले की संपर्क उघडतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच थरावर बसतो.

अशी जागा दोनच ठिकाणी संभवते. पहिली म्हणजे स्पीकरचा रिले. यंत्र सुरू केल्यावर काही क्षणांनी आतून 'टक्' असा आवाज येत असेल, तर तो बहुधा याचाच. दोन्ही बाजूंचा आवाज बहुतेक वेळा एकाच रिलेच्या दोन स्वतंत्र संपर्कांतून जातो, त्यामुळे एक बाजू खराब आणि दुसरी ठणठणीत असणे अगदी शक्य आहे. दुसरी जागा म्हणजे हेडफोनचा जॅक. कित्येक साध्या यंत्रांत स्पीकरकडे जाणारा आवाज जॅकच्या आतल्या छोट्या स्विचमधून जातो. प्लग आत गेला की तो स्विच उघडतो आणि स्पीकर बंद होतात. वर्षानुवर्षे जॅक वापरला नाही, तर नेमका हाच स्विच काळवंडतो. काही यंत्रांत मात्र जॅक केवळ 'प्लग लागला आहे' एवढी खबर कंट्रोलरला देतो. तशा रचनेत जॅक बिघडला तर दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या असत्या, तेव्हा आपल्याकडे ती रचना असेल तर जॅक निर्दोष समजावा.

यंत्र उघडण्यापूर्वी एक करून पाहा. यंत्र बंद असताना हेडफोनचा प्लग भराभर काही वेळा आतबाहेर करा, मग आवाज हळू ठेवूनच सुरू करा. डावी बाजू पहिल्यापासून बोलली, तर चोर सापडला. मधल्या काळात व्हॉल्यूम वाढवू नका, नाही तर कशाने बरे झाले ते कळणार नाही.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्लग आतबाहेर केला, परंतु फरक पडला नाही. 'टक्' असा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो, आणि डावी बाजू गप्प असताना यंत्राच्या वरच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला, बोटाने हलकेच टिचकी मारली की आवाज क्षणभर येतो आणि जातो. तेव्हा रिलेच दोषी आहे असे धरून पुढे जावे का? उघडल्यावर कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हेही सांगावे.

प्रतिसाद २

रिलेवरचा संशय रास्त आहे, परंतु टिचकीने 'ड्राय सोल्डर' असलेला, म्हणजे सोल्डर नीट न धरलेला किंवा तडकलेला, जोडही असाच वागतो, म्हणून रिले बदलण्याआधी बोर्डाच्या खालच्या बाजूला त्याच्या पायांभोवती आणि स्पीकरच्या टर्मिनलपाशी बारीक, वर्तुळाकार भेग दिसते का ते भिंगातून पाहावे. भेग असेल तर नव्याने सोल्डर करणे एवढेच काम उरते आणि जेमतेम सोल्डरिंग येणाऱ्यालाही ते जमते.

उघडताना प्लग भिंतीतून काढलेला असावा, नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो, त्यामुळे थोडा वेळ थांबावे आणि मल्टिमीटरने त्यांच्या टोकांवरचे व्होल्टेज शून्याजवळ आले आहे याची खात्री करून घ्यावी. घाई करून स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणे ही जुनी सवय अनेकांना असते, ती टाळावी.

रिलेचे झाकण निघणारे असेल, तर साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन संपर्कांमध्ये हलकेच ओढावी. पॉलिश पेपर लावू नये, कारण संपर्कांवरचा चांगल्या धातूचा मुलामा त्याने निघून जातो आणि थोड्याच दिवसांत तक्रार परत येते. रिले सीलबंद असेल तर तो बदलणेच शहाणपणाचे. नवा घेताना कॉइलचे (रिलेचा स्विच ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) व्होल्टेज, संपर्कांची क्षमता आणि पायांची मांडणी या तीन गोष्टी जुन्याशी जुळल्या पाहिजेत. कॉइल १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, हे जुन्या रिलेवरच छापलेले असते.

काम झाल्यावर स्पीकर लगेच जोडू नयेत. आवाज शून्यावर ठेवून यंत्र सुरू करावे आणि दोन्ही बाजूंच्या टर्मिनलांवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही दशक मिलिव्होल्टच्या आत असले पाहिजे. मोजताना मीटरचे एक टोक यंत्राच्या पत्र्याला न लावता त्याच बाजूच्या लाल आणि काळ्या टर्मिनलांदरम्यान मोजावे, कारण अनेक छोट्या यंत्रांतील ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके चालवणारे, असतात आणि त्यांच्या काळ्या टर्मिनलवरही पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज असते. त्याच कारणाने डाव्या-उजव्या बाजूंची काळी टर्मिनले कधीही एकमेकांना जोडू नयेत. आकडा जास्त दिसला तर स्पीकर न लावता तो येथे कळवा, मग आयसीचा विचार करू.