मदत हवी आहे: आई-बाबांसाठी मुंबई-शिकागो बिझनेस क्लास, कतार की एतिहाद?

नोव्हेंबरमध्ये आई-बाबा कोल्हापूरहून ताईकडे शिकागोला निघालेत. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पाय दुमडून तासन्‌तास बसवत नाही, म्हणून यंदा बिझनेस क्लासच काढायचं ठरवलंय. दोघांनाही इंग्रजी जेमतेम येतं. कोल्हापूर-मुंबई गाडीनेच, एक दिवस आधी मुक्काम. व्हीलचेअर सांगणारच आहे. विमान कंपन्यांचे माइल्स (पॉइंट्स) नाहीत, तारखा चार-पाच दिवस पुढेमागे चालतील.

एमिरेट्स बाजूला ठेवलं, कारण त्यांच्या जुन्या बोइंग ७७७ विमानांत बिझनेस क्लासला एका रांगेत २-३-२ अशी सीटची मांडणी आहे. खिडकीकडच्याला शेजाऱ्याला ओलांडूनच बाहेर पडावं लागतं. कतारच्या क्यूसूटमध्ये (त्यांच्या काही विमानांतला बंदिस्त बिझनेस क्लास) मधल्या काही जोडसीट एकत्र होतात, दोघं शेजारी झोपू शकतात. पण ऐनवेळी क्यूसूट नसलेलं विमान आलं तर? एतिहादचा मोठा फायदा म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन अबूधाबीतच होतं, शिकागोत त्या रांगेत उभं राहायला नको. एजंटला विचारलं, तो फक्त भाडं सांगतो. दोन्हीकडे फरक थोडाच आहे.

वयस्कर आई-वडिलांना असं पाठवलेल्यांनी कृपया सांगा: अबूधाबीच्या त्या तपासणीत व्हीलचेअरवाल्यांना किती वेळ लागतो, आणि तीन तासांचा थांबा पुरतो का?