मदत हवी आहे: खऱ्या कळा आल्यावर किती लवकर निघू?

नमस्कार मैत्रिणींनो, मी पहिलटकरीण, 37वा आठवडा संपत आलाय. बाळंतपणाला माहेरी आलेय, पाटण तालुक्यातल्या वाडीवर. नाव घातलंय कराडच्या दवाखान्यात. गाडीने सव्वा तास, आणि पावसात आमचा रस्ता कसा असतो ते विचारूच नका.

परवा रात्री पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. मोबाइलवर वेळ बघत बसले. आधी 12 मिनिटांनी, मग 7, मग एकदम 20. तांब्याभर पाणी प्यायले, कुशीवर वळले, तर थांबलंच! आई म्हणाली, "खोट्या कळा गं त्या. खऱ्या काही केल्या थांबत नाहीत, वाढतच जातात."

डॉक्टरांनी सांगितलंय, 5-5 मिनिटांनी नेमाने कळा आल्या की या. पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता लगेच. पण 5 मिनिटांचा हिशेब दवाखान्याजवळ राहणाऱ्यांचा. लांबून गेलेल्यांनो, तुम्ही कधी निघालात? की आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहिलात? मलाही पुढच्या तपासणीत हे विचारायचंच आहे.

आणि पाणी गेलेलं कळतं कसं? मला तर शिंकलं तरी थेंबभर लघवी होते, त्यातलं ओळखायचं काय?

सासूबाई एरंडेल घे म्हणतायत, कळा लवकर येतात म्हणून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी घेणार नाही. पण त्यांना न दुखवता सांगायचं कसं, तेही सुचवा.