कॉलेजचे जुने चषक, ब्लेझर, ध्वज, फोटो: जपणूक कशी करावी?

जुनंदप्तर
कॉलेजचा ऐतिहासिक संग्रह नव्याने लावायचा आहे. चांदीचे चषक काळे पडलेत, लोकरी ब्लेझरना बारीक भोकं पडलीत, रेशमी ध्वज घडीवर चिरतोय, ग्रुप फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत. शिवाय पदवीदानाच्या मिरवणुकीचा क्रम, कॉलेजगीताची चाल हे कुठेच लिहिलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?

सूतधागा
आधी ब्लेझर, कारण कसर शेजारच्या कपड्यांत पसरते. खिसे तपासा. आत तिकीट किंवा चिठ्ठी सापडली तर कुठल्या खिशातली ते लिहून ती वेगळी ठेवा. मग ब्लेझर जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बंद करा. मग डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंश सेल्सिअसवर आठवडाभर, उणे १८ असेल तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कपड्यावरच दव धरतं. डांबराच्या गोळ्या नकोतच. त्यांची वाफ माणसाला घातक, शिवाय काही प्लास्टिकची बटणंही खराब होतात.

ध्वज मात्र धुऊ नका, इस्त्री नको, सेलोटेप तर अजिबात नको. पूर्वी रेशमाला वजन यावं म्हणून त्यात धातूचे क्षार मुरवत, त्याने धागा ठिसूळ होतो. ध्वज घडी उलगडून सपाट ठेवायचा, मध्ये आम्लमुक्त कागद. मांडायचाच असेल तर उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत, तोही थोडेच महिने.

धातूकाम
चषक दरवर्षी चकाकवायची हौस आवरा. प्रत्येक पॉलिशला चांदीचा थर झिजतो, कोरलेली नावं आणि सालं पुसट होतात. मुलामा असेल तर खालचं पितळ उघडं पडतं. काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो, म्हणून कपाटात रबर किंवा लोकरी फेल्ट नको. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला.

प्रत्येक वस्तूला नोंद क्रमांक २०२४.३.१ असा द्या: साल, त्या सालातली कितवी देणगी, तिच्यातली कितवी वस्तू. धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक लेप) चा थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. नेलपॉलिश वापरू नका, ते पिवळं पडून सोलवटतं. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन सैल टाक्यांनी लावा.

जुनंदप्तर
आणि फोटो? सगळे सोडवून नव्या अल्बममध्ये लावू का?

छायापत्र
आधी अख्खं पान जसंच्या तसं स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. ओळींचा क्रम आणि कडेला लिहिलेली नावं हाच पुरावा असतो. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोखालून हळूहळू सरकवा. निघत नसेल तर तसाच राहू द्या, ओढाल तर फाटेल. नंतर पॉलिएस्टरचे पाऊच वापरा, पीव्हीसीचे नकोत. मागे क्रमांक मऊ पेन्सिलीने, कडेला.

परंपरांसाठी वेगवेगळ्या सालांच्या माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसले की सगळे पहिल्याच्या सुरात सूर मिसळतात. "मिरवणूक कशी असायची?" असं मोघम नको. "मिरवणुकीतला मानाचा दंड कोणाच्या हातात होता, त्याच्या मागे कोण, थांबा कुठे?" असं नेमकं विचारा. कॉलेजगीताची चाल त्यांच्याकडून गाऊनच घ्या, शब्द लिहून भागत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि लेखी संमती त्याच बैठकीत घ्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही सालासकट नोंदवा. परंपरा बदलत जाते, त्यामुळे दोघंही बरोबर असू शकतात.