संजीवक लिहावं की संप्रेरक?

पर्णिका
वनस्पतिशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. अ‍ॅबसिसिक आम्लाबद्दल मी लिहिलं होतं, ‘पाणी कमी पडलं की हे संजीवक झाडाची वाढ रोखतं.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘संजीवक’ खोडून ‘संप्रेरक’ केलं आणि समासात विचारलं, ‘वाढ रोखणारं ते संजीवक कसं?’ प्रश्न बिनतोड आहे. पण घरी फवारणीच्या बोलण्यात मी कायम संजीवकच ऐकलंय, संप्रेरक फक्त शाळेच्या पुस्तकात भेटलं. हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत का? आणि त्याच परिच्छेदात ‘स्ट्रेस’साठी मी ‘ताण’ घातलाय, तो चालेल ना?

कोशवाचक
खोडलं ते बरोबरच. संप्रेरकात ‘ईर्’ धातू आहे: हलवणं, गती देणं. हॉर्मोन हा ग्रीक शब्दही नेमका त्याच अर्थाचा, चेतवणारा. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शरीरशास्त्रात आणला. चेतवलेली पेशी वाढेल की थांबेल, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. संजीवक मात्र आधीच ‘जगवणारा’ म्हणून मोकळा होतो.

बांधावरून
कोशवाचक, शब्द वापरणाऱ्यांचा असतो. आमच्याकडे जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल संजीवक, फुलगळ थांबवायचं एनएए हे रसायनही संजीवक, आणि ऐकणाऱ्या कुणाचाही घोटाळा होत नाही. संप्रेरक म्हटलं तर समोरचा विचारेल, हे कुठलं नवीन औषध?

पेशीभित्तिका
घोटाळा होतो, आणि तो महागात पडतो. २,४-डी हे तणनाशक ऑक्झिनाच्या, म्हणजे झाडाच्या वाढीच्या एका संप्रेरकाच्या, जातीचंच रसायन आहे. ते रुंद पानांच्या तणावर मारलं की देठ पिळवटतात, पानं वाकडीतिकडी होतात आणि तण मरतं. हेही संजीवकच म्हणणार? अहो, खुद्द झाडातलं ऑक्झिन ज्या प्रमाणात खोड लांबवतं, त्याच प्रमाणात मुळाची वाढ दाबतं. जगवणं किंवा मारणं हा त्या रसायनाचा स्वभावच नाही. प्रमाण किती, अवयव कोणता, वेळ कोणती, यावर सगळं ठरतं.

मी अशी वाटणी करते: झाड स्वतः बनवतं ते संप्रेरक, बाहेरून देतो ते वाढनियंत्रक. पॅक्लोब्युट्राझॉल झाडात तयार होतच नाही. ते जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक बनण्याची वाटच अडवतं. त्याला संप्रेरक म्हणणंही चूक.

बांधावरून
वाटणी पटली. तरी ‘वाढनियंत्रक’ हा कागदावरचा शब्द आहे, तोंडात बसत नाही.

खिडकीतली कुंडी
तोंडात बसणाऱ्या शब्दांचं निघालंच आहे तर सांगते. कुंडीतल्या रोपाचा शेंडा मी नखाने खुडला. आठवडाभरात खालच्या दोन पानांच्या बगलेतून हिरवे ठिपके वर आले आणि बघता बघता त्यांचे फुटवे झाले. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन त्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवत होतं, हे मी नंतर वाचलं. पुस्तकात याला ‘अग्रप्रभुत्व’ म्हटलंय. आजी म्हणायची, ‘शेंडा बाकीच्यांना उठू देत नाही.’ मला आजीचं वाक्य जास्त नेमकं वाटतं.

जुनी पोथी
आजीचं वाक्य फारच सुंदर. असाच एक शब्द जपानीत आहे. भाताची काही रोपं रोगाने भलतीच उंच, बारीक, फिकट होऊन कोलमडायची. तिथले शेतकरी त्यांना ‘बाकानाए’, म्हणजे खुळं रोप म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही उंची बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे येते. त्याच बुरशीवरून जिबरेलिन हे नाव पडलं. आपण अशा वाढीला काय म्हणू? ‘पीक माजलं’!

बांधावरून
नाही. माजलेलं पीक हिरवंगार, जोमदार असतं, फक्त फळ धरत नाही. फिकट आणि लुळं पीक माजलेलं नव्हे. त्याला शेलाटलेलं म्हणता येईल फार तर.

कोशवाचक
‘शेलाटलेलं’ कधी ऐकलं नाही. शेलाटा बांधा ऐकलाय, पण तो कौतुकाचा शब्द आहे.

खिडकीतली कुंडी
आणि अढी? पिकलेलं फळ इथिलीन सोडतं, ते शेजारच्या फळाला लागतं, मग तेही सोडू लागतं. म्हणून अढीतली फळं एकमेकांना पिकवतात. मनातली अढीसुद्धा अशीच झाकून ठेवल्यावर आतल्या आत पिकत जाते. दोन्ही शब्द एकच असणार.

जुनी पोथी
कल्पना देखणी आहे, पण मला मनातली अढी ही पायांच्या अढीजवळची वाटते. एकावर एक आडवं, अडलेलं.

पर्णिका
सगळं आवडीने वाचतेय, पण माझा ‘ताण’ राहिला.

पेशीभित्तिका
ताण ठेवा. भौतिकशास्त्रात ‘प्रतिबल’ आहे, पण झाडाला प्रतिबल आलं असं कुणी लिहू नये. शिवाय माती कोरडी पडते तेव्हा झाडाच्या नळ्यांमधला पाण्याचा स्तंभ खरोखरच ताणलेला असतो.

बांधावरून
आमचा ताण मुद्दाम दिलेला असतो. बहार धरायला पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. स्ट्रेस म्हणजे आलेलं संकट. दोन्हींना एकच शब्द?

कोशवाचक
‘ताण देणे’ आणि ‘ताण पडणे’. क्रियापद फरक सांभाळतं. अ‍ॅबसिसिकचं मात्र भाषांतर करू नका. ते नाव पानं-फळं गळण्यावरून पडलं, पण गळ घडवण्यात मोठा हात इथिलीनचा असतो. ‘गळसंप्रेरक’ केलंत तर जुनी चूक मराठीत पक्की होईल.

पर्णिका
नाही करत. आता ते वाक्य असं आहे: ‘पाण्याचा ताण पडला की अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक पर्णरंध्रं बंद करतं.’

खिडकीतली कुंडी
‘बंद करतं’ नको. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींतून आधी क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी. फुगलेल्या पेशी सैलावतात आणि मधली फट जाते. कुणी दार लोटत नाही. ओठ मिटतात तसं ते आहे. ‘पर्णरंध्रं मिटतात’ लिहा.

पेशीभित्तिका
मग मिटवलं कुणी ते कसं कळणार? संप्रेरक कर्ता म्हणून वाक्यात राहायलाच हवं.

पर्णिका
‘संप्रेरकामुळे पर्णरंध्रं मिटतात’?

बांधावरून
‘संजीवकामुळे’.